ठकीच्या पोटातली चिठ्ठी

चिठ्ठी चार ओळींची असावी, असं आबा, माझे वडील, सांगायचे. तारीख, भरणाऱ्याचं नाव, काय खरं, काय खोटं. संपलं. माझी मात्र लांबणार आहे. म्हणून फाटकी पिसं सांधायचा पातळ कागद घेतलाय आणि अक्षर मुंगीएवढं काढतेय. पाठपोट लिहिलेले तेरा कपटे ठकीच्या पोटात मावतात. घड्या घालून बघितलंय.

तू कोण, मला ठाऊक नाही. पन्नास वर्षांनी टाके उसवशील, नाहीतर शंभर. पण उसवलेस म्हणजे तू आमच्याच कामातला किंवा कामातली असणार. दुसरं कोण मेलेल्या पाखराच्या पोटात बोटं घालतंय? तेव्हा तुझ्याशी आडपडदा नको.

मी विजयमाला जीनगर. करंजगड संस्थानच्या दरबारी वस्तुसंग्रहालयात पेंढा भरणारी. हुद्द्याचं नाव आता लांबलचक इंग्रजी आहे, पण गावात अजून मला पेंढेवाली आक्काच म्हणतात. आम्ही मूळचे खोगीर शिवणारे. घोडे संपले तसे राजेसाहेबांनी आजोबांना शिकारखान्यात घेतलं आणि सांगितलं, आता वाघ शिवा. तेव्हापासून आमच्या घरात सुई मेलेल्या जनावरांतच चालते.

आमच्या कामात लबाडी असतेच. दरबार हॉलमधल्या वाघाचा डावा कान कुत्र्याच्या कातड्याचा आहे आणि एक सुळा बाभळीचा. लोक त्याच्यापुढे फोटो काढतात, पोरं घाबरतात, कुणाचं काही बिघडत नाही. पण प्रत्येक दुरुस्तीची चिठ्ठी जनावराच्या पोटात ठेवायची आणि जे जे मूळचं काढलं असेल तेही पोटातच ठेवायचं, टाकायचं नाही, ही आजोबांनी घातलेली रीत. आबा म्हणायचे, जगाला काय दाखवायचं ते दाखव, पण जनावराच्या पोटाशी खोटं बोलायचं नाही. आम्ही तिघांनीही ती रीत पाळली. तिच्यामुळेच माझा घात झाला, आणि तिच्यामुळेच हे तुला कळतंय.

आता पाखराचं सांगते. पापुआ बेटावरच्या एका डोंगराच्या धुक्यात राहणारा हा स्वर्गपक्षी. नर साळुंकीपेक्षा बोटभर मोठा. अंग काळं, पण आपण म्हणतो तसं काळं नाही. त्याच्यापुढे कावळा राखाडी दिसेल. पिसांच्या कडांना सूक्ष्म काटे उभे असतात, त्यांच्यात शिरलेला उजेड आतल्या आत आपटत राहतो, बाहेर येतच नाही. त्यामुळे नजर त्या अंगावर टेकत नाही, पाखराच्या आकाराचं भोक पडल्यासारखं वाटतं. कपाळावर रुपेरी टिकली. दोन्ही डोळ्यांमागून तीन-तीन तारा निघालेल्या, वीतभर, टोकाला तिळाएवढं पान. कुशीला लांब पिसं, नाचताना तो ती परकरासारखी गोल पसरतो. आणि छातीवर खवल्याखवल्यांची चमकणारी ढाल. बाकीचा सगळा काळोख त्या ढालीसाठीच.

मादी आपली साधी. वरून तपकिरी, खालून बारीक आडव्या रेघा, घोंगडीसारखी. नटायचं नरानं आणि निवडायचं मादीनं, असा त्यांच्यातला न्याय आहे. आपल्यातही असता तर बरं झालं असतं.

राजेसाहेबांनी फेट्यावरच्या तुऱ्यासाठी कलकत्त्याच्या व्यापाऱ्याकडून या नराचं कातडं मागवलं होतं. आल्यावर कापायला जीव होईना, म्हणून आजोबांना म्हणाले, अख्खाच भरा. कातड्याला पाय नव्हते. तिथले लोक विकायची कातडी करताना पाय तोडूनच टाकायचे. असली बिनपायाची कातडी बघून परदेशातल्या शहाण्यांनी एके काळी ठरवलं होतं, की हा पक्षी जमिनीवर उतरतच नाही, उडत उडतच जगतो न् मरतो. आजोबा काही तेवढे शिकलेले नव्हते. त्यांनी साळुंकीचे पाय लावले, पक्ष्याला सहातुरी हे नाव ठेवलं आणि पोटात चिठ्ठी टाकली. ती मला पाठ आहे: ‘पाय साळुंकीचे. बाकी मूळचे. छाती उजेडात फिरवली की आधी पिवळी, मग निळी.’

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेव.

मी तेवीस वर्षांची असताना आबा गेले. आई आधीच गेलेली. मला त्यांच्या जागेवर अनुकंपेनं घेतलं, तेही तात्पुरतं. घरात मी आणि धाकटा भाऊ ऋतुराज, अकरा वर्षांचा. त्या वर्षी आखाडात ऋतूला टायफॉइड झाला. एकवीस दिवस मी त्याच्या उशाशी होते. रजेवर जाताना कपाटांत नव्या डांबरगोळ्या घालायच्या असतात, पावसाळ्यात तर हटकून. मी विसरले. कुणाचा ताप चढत असताना डांबरगोळ्या कुणाला आठवतात?

परत आले तर सहातुरीच्या छातीला कसर लागलेली. ढालीची पिसं भुगा होऊन तळाशी पडली होती. धड अशी पाचच उरली. आणि चार दिवसांवर तपासणी आली होती, ज्या तपासणीवर माझं कायम होणं अवलंबून होतं. ऋतूची औषधं, शाळा, घरभाडं, सगळं त्या एका नोकरीवर.

आखाडात आमच्याकडे कोंबड्यांना सुट्टी नसते. कोंबडीवाल्या सत्तारचाचांच्या दुकानामागे पिसांचा ढीग होता. एका गावठी कोंबड्याच्या शेपटीची बाटलीच्या काचेसारखी हिरवी पिसं मी वेचून आणली, नखं कापायच्या कात्रीनं खवल्यासारखी कापली आणि रात्रंदिवस खपून छातीवर एकेक बसवली. पिवळं-निळं कुठून आणणार होते? जुन्या ढालीवर इतकी धूळ होती की तिचा रंग कुणाला आठवतही नव्हता. रीतीप्रमाणे चिठ्ठी लिहिली, उरलेली पाच पिसं तिच्यात गुंडाळली आणि सहातुरीच्या पोटात ठेवून टाके घातले. तपासणीवाल्या साहेबांनी मान डोलावली. मी कायम झाले.

त्याच आठवड्यात ऋतू पहिल्यांदा घराबाहेर पडला. अंगावर हाडं आणि स्वेटर. काचेला नाक लावून तो कितीतरी वेळ उभा राहिला. ‘आक्का, याच्या छातीत दिवा आहे,’ म्हणाला. आजारातून उठल्यावर ते त्याचं पहिलं लांब वाक्य. मला इतका आनंद झाला की खरं सांगायचं मनातही आलं नाही. आणि का सांगायचं? पोर हसत होतं.

त्या हिरव्यासाठी पोरगं शिकलं. शाळेतून थेट माझ्याकडे यायचं, काचेपुढे बसून चित्रं काढायचं. आठवीत त्यानं पाय साळुंकीचे आहेत हे ओळखलं आणि मला पेढा दिला. पुढे पुणे, बंगळूर, परदेश. परत आला तो मोठा माणूस होऊनच. पण मला आक्काच म्हणायचा, आणि जेवताना अजून भात कडेकडेनंच खायचा.

त्यानं केलं काय, ते त्यानंच मला समजावलं तसं सांगते. मोराचं पीस खलात कुटून बघ. तपकिरी भुकटी निघते, निळा-हिरवा रंग कुठेच नसतो. कारण तो रंग नव्हेच. पिसाच्या आत केसाच्या हजाराव्या भागाएवढे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात, आणि त्यांच्यातल्या अंतरावर कुठला उजेड परत पाठवायचा हे ठरतं. ‘रंग नसतोच, आक्का, नुसती मापं असतात,’ ऋतू म्हणायचा. त्याच्या यंत्राचं नाव पीसवाचक. काचेआडून किरण टाकून ते पिसातली सगळी मापं वाचतं. मग उलट हिशोब करून सांगतं, की अशी मापं यायला अंड्यातल्या जिवाच्या कुठल्या जनुकात काय बदल हवा. वाचलेल्या मापांचे पापुद्रे हवे तर कागदावर, कापडावर छापूनही मिळतात. आज बिनरंगाच्या ज्या चमकत्या साड्या सगळ्या बायका नेसतात, त्या त्याच्याच युक्तीच्या.

तिकडे पापुआत डोंगर तापले, डास वर चढले, आणि डासांच्या तापानं सहातुरी संपत आली. उरलेले सात पक्षी आमच्या घाटमाथ्यावरच्या केंद्रात आणले, कारण धुकं आमच्याकडे अजून शिल्लक होतं. ऋतू केंद्राचा प्रमुख. सातांत सहा माद्या आणि एक नर, तोही कोवळा, मादीसारखाच तपकिरी. या नराला पूर्ण पिसारा यायला चार वर्षं लागतात. पिसारा यायच्या आधीच तो मेला. त्याच्या गोठवलेल्या पेशींतून साळुंक्यांच्या पोटी नर जन्माला घातले, पण सगळ्यांची छाती मिट्ट काळी. मादीच्या पेशी तर तशा रुजल्याच नाहीत. त्या वंशात ढालीचं जनुकच मोडलेलं होतं. ते सांधायचं तर खऱ्या ढालीची मापं हवी. रानातल्या नराचा धड फोटोही कुणाकडे नव्हता, आणि पूर्ण वाढलेल्या नराची जगात दोनच कातडी होती. एक युद्धात जळालेलं. दुसरं आमच्याकडे.

ऋतूनं परवानगीचा अर्ज केला तेव्हा विश्वस्तांनी मला बोलावलं. मी म्हटलं, जुनं कातडं आहे, कसरीसाठी आतून सोमलाचा विषारी साबण लावलेला आहे, हात लागला तर भुगा होईल. काचेआडून काय वाचायचं ते वाचा, एक पीसही उपटू नका. तशी अट घातली गेली. त्यातला एक शब्द खोटा नव्हता. खोटं बोलायची तीच सगळ्यात पक्की रीत. अट नसती तर एका पिसाच्या जनुकतपासणीत कोंबडा बाहेर पडला असता.

यंत्र काही लबाडी करत नाही. त्यानं सांगितलं, की अंगाच्या पिसांची रचना स्वर्गपक्ष्याची आहे आणि छातीच्या पिसांची कोंबडीवर्गातली. ऋतूचा एक सहकारी म्हणाला, कुणी दुरुस्ती तर केली नसेल? तेव्हा ऋतू माझ्याकडे आला. मी शेवग्याच्या शेंगा सोलत होते.

‘आक्का, छातीला कधी कुणाचा हात लागलाय का?’

‘आजोबांच्या हातचं आहे ते,’ मी म्हटलं. ‘मी नुसती धूळ झटकते.’

माझ्यावर त्याचा विश्वास होता. का नसणार? मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलेला. त्यानं शोधनिबंध लिहिला, की दोन दूरच्या वंशांनी एकच चमक आपापली वेगळी शोधली, आणि सहातुरी आपल्या भाऊबंदांहून न्यारा आहे. जगभर गाजला तो. ऋतूला मोठमोठे मान मिळाले. त्या पद्धतीवर साठ दुसऱ्या पाखरांची कामं सुरू झाली. कापडवाल्यांनी ‘सहातुरी हिरवा’ काढला, आणि दोन लग्नसराया सगळ्या नवऱ्या मुली सत्तारचाचांचा कोंबडा नेसून बोहल्यावर चढल्या. मला हसू यायचं, मग जेवण जायचं नाही.

त्याच मापांवरून हिरव्या छातीचे नर जन्माला घातले, पण ते वयात येईस्तोवर माद्यांत एकटी ठकी राहिली. सहातुरीच्या मादीचा स्वभाव असा, की नर पसंत पडल्याशिवाय तिच्या अंगात अंडंच धरत नाही. सुईनं बीज घालून उपयोग नाही. औषधं टोचून अंडं धरायला लावायचा प्रयत्न त्याआधी दोघींवर केला होता, दोघी मेल्या. तेव्हा ठकीला पसंत पडणं एवढा एकच रस्ता उरला. ठकी हे नाव माझं. पहिल्यांदा बघितली तेव्हा लाकडी बाहुलीसारखी ताठ बसली होती.

पहिल्या हंगामाला ऋतूनं मला मुद्दाम नेलं. नरानं आधी जमीन झाडली, एकेक पान चोचीनं उचलून बाहेर टाकलं. ठकी वरच्या फांदीवर येऊन बसली. त्यानं परकर पसरला, मान हलवली, सहा तारा भिरभिरल्या, आणि छातीत हिरवा दिवा लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती मन लावून नाचत होता बिचारा. तो डावीकडे वळला, हिरवा. उजवीकडे वळला, हिरवा. ठकी मान वाकडी करून बघत राहिली. ती कशाची तरी वाट बघत होती. मग तिनं फांदीला चोच पुसली आणि उडून गेली.

ती कशाची वाट बघत होती, हे त्या दालनात एकट्या मला कळलं. आधी पिवळी, मग निळी. ऋतूच्याच पुस्तकात होतं, की या जातीच्या भाऊबंदांच्या छातीच्या पिसाचा काप घराच्या छपरासारखा दुपाखी असतो. एका उतारावरून एक उजेड परततो, दुसऱ्यावरून दुसरा. नाचताना वळला की रंग पालटतो. कोंबड्याचं पीस एकपाखी. वळला तरी हिरवाच.

सांगायला हवं होतं ना? हो, हवं होतं. घाटातून परत येताना गाडीत दोन तास तो माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, पहिलीच वेळ आहे, बुजली असेल. मी म्हटलं, असेल. मनात म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्या हंगामाला ठकीनं तीन नर नाकारले. तेव्हाही मी तेच म्हटलं. भित्री आहे मी. वाघ शिवले म्हणून काय झालं?

तिसऱ्या हंगामाला, पौषात, ऋतू माझ्या कामाच्या खोलीत येऊन स्टुलावर बसला. म्हणाला, ठकीला मोतीबिंदू होतोय, डॉक्टरांच्या मते हा शेवटचा हंगाम. सव्वा महिना हातात आहे. त्याचे केस त्या एका वर्षात पिकले होते. मी उठले, दाराला आतून कडी घातली, सहातुरीला काचेतून काढून टेबलावर उताणा ठेवला आणि त्याच्यादेखत पोटाचे टाके उसवले.

आजोबांची चिठ्ठी आधी दिली, मग माझी, मग पाच पिसं. त्यानं चिमट्यानं एक पीस उचलून खिडकीशी धरलं. मी फुंकर घालून धूळ उडवली होती. पिवळं. त्यानं मनगट जरासं वळवलं. निळं, विहिरीच्या पाण्यासारखं. त्याला सगळं कळलं, मला एक शब्द बोलावा लागला नाही.

‘म्हणजे मी तापातून उठल्यावर जे बघितलं,’ तो म्हणाला, ‘तो सत्तारचाचांचा कोंबडा होता.’

मी मान हलवली. तो हसला. ते हसणं अजून माझ्या कानांत आहे, देवानं ते पुन्हा ऐकवू नये.

मी रडले, पाया पडायला गेले, त्यानं पडू दिलं नाही. मग डोळे पुसले, कारण अजून करण्यासारखं होतं. मी त्याला सांगितलं, ही पाच पिसं यंत्रानं वाच. तसे पापुद्रे छाप. मी केंद्रात येते आणि त्या नराला गुंगी देऊन त्याच्या छातीवर एकेक बसवते. मेलेल्यावर बसवली, जित्यावरही बसवीन. पंधरा दिवसांचं काम. मरेस्तोवर टिकायची गरज नाही, एका नाचापुरती टिकली तरी पुष्कळ. एकदा ठकीनं पसंत केलं की झालं.

तो डोळे मिटून ऐकत होता. त्याच्या हातून होण्यासारखं होतं, हे त्यालाही कळत होतं. त्यानं पिसं एका पाकिटात घातली.

‘या हंगामात नको, आक्का,’ तो म्हणाला. ‘मार्चमध्ये जागतिक परिषद आहे. नराच्या छातीवर छापील पिसं दिसली की चाळीस माणसं विचारतील, का. निबंध खोटा ठरला की साठ कामं बंद पडतील, ती पाखरं तर काही खोटी नाहीत. पुढच्या वर्षी बघू.’

पुढच्या वर्षी बघू. माझेच शब्द, माझ्याच आवाजात. मी त्याला अक्षरं गिरवायला शिकवलं, सायकल शिकवली, आणि हेही मीच शिकवलं म्हणायचं. मी भांडले नाही. भांडायला तोंड कुठे होतं? तो म्हणाला ते सगळंच खोटं होतं असंही नाही. साठ कामांचं खरं होतं. पण बोलताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, टेबलावर उताण्या पडलेल्या सहातुरीच्या हिरव्या छातीकडे बघत होता. ती त्याला अजून आवडत होती. पिसं तो घेऊन गेला, चिठ्ठ्या मी परत शिवल्या.

परिषद छान झाली. ठकी भाद्रपदात गेली.

तिला ऋतू स्वतः घेऊन आला, बर्फाच्या पेटीत, सुती पंच्यात गुंडाळून. दिवाळीनंतर ‘सहातुरी दालन’ उघडणार आहे. मधोमध ठकी, तिच्यासमोर हिरव्या नरांपैकी एक. पाटीवर लिहायचं, वयोमानानं निधन. तो हे सांगत होता आणि मी तिच्या पोटाखालच्या रेघा बघत होते. किती बारीक आखलेल्या! कुणी कधी त्यांचं चित्र काढलं नाही.

जाताना त्यानं खिशातून पाकीट काढलं. आत माझी पाच पिसं होती.

‘वाचलीस?’ मी विचारलं.

‘वाचली असती तर मग गप्प कसा बसलो असतो?’ तो म्हणाला. ‘तूच ठेव कुठेतरी. आणि आक्का, हिच्यात चिठ्ठी घालू नकोस.’

मी बरं म्हटलं. जन्मभर त्याच्यासाठी लबाडी केली, ही त्याच्याशी केली. त्यानं माझा हात हातात घेतला, त्याचा थंडगार होता, आणि गेला. त्यानंतर फोन येतात, प्रकृतीची चौकशी करतो. जेवायला मात्र येत नाही.

तोंडानं चारचौघांत सांगायची हिंमत माझ्यात नाही. मी सांगितलं तर लोक त्याचं नाव मातीत घालतील, माझं काय, मी म्हातारी. तो माझा भाऊ आहे. पण पोटाशी खोटं बोलणार नाही. म्हणून हे सगळं.

आता रीतीप्रमाणे.

सहातुरी स्वर्गपक्ष्याची मादी, ठकी. या जातीची शेवटची. भरली विजयमाला जीनगर हिनं, आश्विन वद्य पंचमी. डोळे काचेचे, मोतीबिंदूशिवायचे. बाकी सगळं तिचंच, चोच, पिसं, पाय. पोटात कापूस, ही चिठ्ठी आणि नराच्या छातीची पाच पिसं. तिनं तीन हंगाम वाट बघितली ती यांचीच, म्हणून तिच्याजवळच ठेवली आहेत. शेजारचा नर हिरवा आहे, तो खोटा. त्याचा त्यात दोष नाही.

एक गोष्ट नीट वाच. कातड्याला मी सोमल लावलेला नाही. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच. सोमल लावला की कातड्यातलं जनुक जळतं, वाचता येत नाही. तुझ्या काळात माणसं जास्त शहाणी असतील, आणि जास्त खरी असतील, तर ही पिसं आणि हे कातडं घेऊन काय करायचं ते त्यांना कळेल. पण सोमल नाही म्हणजे कसर लागणार. दर महिन्याला नव्या डांबरगोळ्या घालायला हव्या, पावसाळ्यात तर पंधरवड्याला.

मी आहे तोवर घालीन. येत्या फेब्रुवारीत मी निवृत्त होतेय, आणि माझ्या जागेवर अजून कुणाला नेमलेलं नाही.